फेब्रुवारीतला पूर

तिसऱ्या निकालपत्रावरचा सहाचा आकडा आधीच्या दोन सहांपेक्षा किंचित फिकट होता. केंद्रावरच्या छपाईयंत्रातली शाई संपत आली असावी. बाकी तिन्ही कागदांत काहीही फरक नव्हता. आप्पांनी ते जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवल्या आणि चष्मा काढून पुसला.

"सहा," ते म्हणाले.

"हो."

"आणि पाहिजेत साडेसहा."

"हो."

"तिन्ही वेळा अर्ध्यानं हुकलं."

"अर्ध्यानंच," मी म्हणाले, आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि कासारपेठच्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून काम करत होते. एकेचाळीस गावांचं दूध माझ्या टेबलावरून जायचं. कुठल्या गावच्या दुधाला किती फॅट लागलं हे मी सांगायची आणि त्यावर त्या गावाचा दर ठरायचा. माझा थोरला भाऊ शिवप्रसाद न्यूझीलंडमध्ये होता. तिथल्या एका मोठ्या दुग्धशाळेत त्याने माझ्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. अडचण एकच होती. व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि तीत साडेसहा गुण लागतात. दोन वर्षांत मी ती तीनदा दिली होती.

आप्पांनी तयारीत काही कमी ठेवलं नव्हतं. एक निळी बॅग आणून त्यांनी ती माझ्या खोलीत दाराशी उभी केली होती. विमानात तेवीस किलो चालतात म्हणून दर महिन्याला ते तिचं लोंबत्या काट्यावर वजन करून बघत. आत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि चार स्वेटर होते. चटणी खवट झाली की बदलत. गावात तर त्यांनी सांगूनच टाकलं होतं. मंडईत भाजीवाली विचारायची, "कधी निघालात?" आणि मी म्हणायची, "परीक्षा झाली की."

आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही कमी बोलणारे.

आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. अठ्ठावीस वर्षं ते नदीची पातळी मोजायचे. पुलाच्या तिसऱ्या खांबावर मीटरच्या खुणांची पांढरी पट्टी रंगवलेली आहे; तिच्यावरचा आकडा वाचून वहीत लिहायचा, एरवी दिवसातून दोनदा आणि पुरात दर तासाला. त्यांच्या हाताखाली एक जण होता, तो घरी बसून आकडे लिहायचा. आप्पांनी त्याला नदीवर न जाता पकडलं. त्यांचा नियम साधा होता. सलग तीन नोंदी दशांशापर्यंत सारख्या आल्या, तर मोजणारा नदीवर गेलेलाच नाही. नदी एवढी स्थिर नसते. ही गोष्ट त्यांनी मला लहानपणी किती वेळा सांगितली असेल, मोजलेलं नाही.

मला मात्र त्या दिवशी ती आठवली नाही.

"बागवान सरांचा क्लास परत लाव," आप्पा म्हणाले. "चौथ्यांदा होईल."

*

बागवान सरांचा क्लास खतांच्या दुकानाच्या माडीवर होता. खालून युरियाचा वास यायचा. सर मला आठवीपासून ओळखत होते. हायस्कूलमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी परदेशी जाणाऱ्यांना शिकवायला सुरुवात केली होती. आम्ही सात जण होतो. त्या शुक्रवारी सरांनी फळ्यावर चोवीस शब्द लिहिले. फॅमिन, ड्रॉट, फ्लड, अर्थक्वेक, एपिडेमिक, रेफ्युजी, होमलेस, स्टार्व्हेशन, रिलीफ, डोनेशन, व्हॉलंटिअर. फळा भरला तशी माडीवर एक प्रकारची अवकळा पसरली.

"विषय, जागतिक समस्या आणि मदतकार्य," सर म्हणाले. "पेपरात हा येणारच. तुम्ही परदेशी निघालात, तुम्हाला आपल्या समस्या कोणी विचारत नाही. जगाच्या विचारतात."

"सर, जगात चांगलं काहीच होत नाही का?" पूनम इंगवलेने विचारलं. ती माझ्याच गल्लीतली. नवरा दोह्याला होता आणि तिला तिथल्या शाळेत नोकरी धरायची होती.

"होतं. त्यावर प्रश्न विचारत नाहीत." सरांनी खडू ठेवला. "आता गृहपाठ. चोवीसपैकी वीस शब्द वापरून मदतीचं आवाहन लिहायचं. रविवारी सकाळपर्यंत आपल्या ग्रुपवर टाका, सगळ्यांनी सगळ्यांचं वाचायचं. मोठ्याने वाचायचं, जीभ वळली पाहिजे. आणि एक ऐका. आफ्रिकेत दुष्काळ पाडू नका. तिथे तुम्ही गेलेला नाहीत. तुमच्या गावात पाडा, म्हणजे शब्द डोक्यात राहतील."

"गावात म्हणजे कुठे?" विलास खोतने विचारलं. तो आयर्लंडला नर्सिंगसाठी निघाला होता.

"तुझी सासुरवाडी कुठली?"

"आटपाडीकडची."

"तिथे तसाही कमी पाऊस आहे. तिथे पाड."

पूनम म्हणाली, "मी माहेरी भूकंप करते."

"सासरी का नाही?"

"सर, सासूबाईंना कळलं तर खरा होईल."

सर हसले नाहीत. ते शिकवताना हसत नसत. "आणि 'समजा' लिहायचं नाही. 'कल्पना करा की' लिहायचं नाही. तुमच्या निबंधातली माणसं बुडतायत आणि तुम्ही म्हणताय समजा. बातमीसारखं लिहा. ताजं, ठाम. 'समजा' दिसलं की मी गुण कापतो."

मी ते वहीत लिहून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी मी लिहायला बसले. परीक्षेतला निबंध असता तर मी वेगळ्या पद्धतीने लिहिला असता. हा गृहपाठ होता, त्याला गुण नव्हते, आणि विषय पाण्याचा. मी पूर निवडला. ठिकाण अर्थातच आपला पूल, ज्याच्या एका काठाला कासारपेठ आणि दुसऱ्या काठाला शेंडूरवाडी. आकडे मनाने घालणं मला जमत नाही, म्हणून कपाटातून आप्पांची एक जुनी वही काढली. ज्या वर्षी पूल बुडाला होता त्या वर्षीची.

मग मी लिहिलं, की रविवारी सकाळी सहा वाजता पुलाच्या तिसऱ्या खांबावर पाण्याची पातळी अकरा पूर्णांक चार मीटर होती. ती दर तासाला चौदा सेंटिमीटरने वाढते आहे. पूल पाण्याखाली गेला असून शेंडूरवाडीतली एकशे बारा कुटुंबं बेघर झाली आहेत. त्यांना उपासमारीचा आणि साथीच्या रोगांचा धोका आहे. स्वयंसेवकांनी तयार अन्न, कोरडे कपडे आणि क्लोरिनच्या गोळ्या घेऊन पुलाजवळ यावं. गोळ्या वीस लिटरला एक या प्रमाणात. वीसऐवजी बावीस शब्द बसले. खाली नाव घातलं, वैजयंती शेटे, रसायनतज्ज्ञ, आणि रविवारी पहाटे कामावर निघताना ते ग्रुपवर टाकलं.

प्रयोगशाळेत मी फोन नेत नाही. तो बाहेरच्या खणात ठेवते. दुधाला रविवार नसतो.

*

साडेअकराला बागवान सर दारात उभे होते. डोक्यावर हेल्मेट तसंच, त्यावर खताच्या कंपनीचं नाव.

"वैजयंती," ते म्हणाले, "तुझा पूर आला."

मी हातातली नळी स्टँडला लावली. "कुठे आला?"

"सगळीकडे. माझ्या घरी पण आला. आमच्या हिने, हसीनाने, पाच भाकऱ्या थापून दिल्या आणि मग मला विचारलं की पूर कुठला. तू फोन बघत नाहीस का?"

मी खणातला फोन काढला. त्यावर सत्तेचाळीस मिस्ड कॉल होते. बाहेर ग्रामपंचायतीचा भोंगा चालू होता आणि एक जड आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता, "घरटी पाच भाकरी. कोरडी चटणी चालंल. पातळ काय देऊ नका. घरटी पाच भाकरी."

आकाश निळं होतं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. समोरच्या शेतात उसाची तोड चालली होती आणि धूळ उडत होती.

"पण पाऊस कुठे आहे?" मी म्हणाले.

"लोक म्हणतायत, वरच्या धरणाचं दार निखळलं. चल, बस मागे."

वाटेत सरांनी मला सगळं सांगितलं. पूनमने सकाळी माझा निबंध काढला आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतला. तिची सासू सिंधूताई, रणरागिणी महिला बचत गटाची अध्यक्ष, चुलीपुढे होती. तिने विचारलं, काय वाचतीस? पूनमने पहिली दोन वाक्यं मराठीत सांगितली. कोणी लिहिलंय? वैजयंतीताईंनी. तिसऱ्या वाक्याला सिंधूताई उठल्या होत्या.

"पूनमने सांगितलं नाही का, की गृहपाठ आहे?"

"तिने तीनदा सांगितलं. पण मागच्या पुरात सिंधूताईंनी चौकशीत अर्धा दिवस घालवला होता. तहसीलला फोन, सरपंचाला फोन, खरं का खोटं. तोवर लोक उपाशी. तेव्हापासून त्यांचा कायदा ठरलाय. आधी तवा, मग चौकशी." सरांनी खड्डा चुकवला. "त्यांनी पूनमला परातीपुढे बसवलं. ती पोरगी गृहपाठ आहे म्हणत म्हणत चाळीस भाकऱ्या थापून मोकळी झाली."

"आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवला? फेब्रुवारीत?"

सरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "लोकांनी विचारलं, कोण म्हणतंय? सिंधूताई म्हणाल्या, फॅटवाल्या मॅडमनी लिहून दिलंय, अकरा पूर्णांक चार. संपलं. कोणी नुसतं 'लई पाणी आलंय' म्हटलं असतं, तर पोरं बघायला गेली असती. 'पूर्णांक चार' म्हटल्यावर कोण बघायला जातंय? मी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निबंधावरून टेम्पो निघालेला पहिल्यांदाच बघतोय."

*

पूल कोरडा होता. त्याच्या बरोबर मध्यावर दोन टेम्पो तोंडाला तोंड लावून उभे होते. कासारपेठकडून आलेल्या टेम्पोत टोपल्या होत्या आणि टोपल्यांवर धुतलेली लुगडी झाकलेली. शेंडूरवाडीकडून आलेल्या टेम्पोतही टोपल्या होत्या. त्यांच्यावर धोतरं झाकलेली. खाली, तीस-पस्तीस फुटांवर, नदी कमरेइतक्या पाण्याने चालली होती आणि तिच्यात दोन म्हशी बसल्या होत्या.

सिंधूताई आणि शेंडूरवाडीत दिलेली त्यांची धाकटी बहीण जनाक्का, दोघी टेम्पोंच्या मध्ये उभ्या होत्या.

"तू बुडाली न्हाईस?" सिंधूताई म्हणत होत्या.

"मी कशाला बुडू? तू बुडालीस की."

"मी?"

"सकाळी फोन तू केलास का मी केला? म्हणालीस, पाण्याचं कळलं, रडू नगंस. मी म्हणलं कसलं पाणी, तर म्हणालीस, तू सांगायची न्हाईस, मला म्हाईत हाय. आन् मग इचारलंस, पीठ हाय का?"

"तुज्याकडं हाय का, असं इचारलं."

"मला वाटलं तुज्याकडचं भिजलं. अक्का मागतीया म्हणल्यावर मी काय शंका काढत बसू? दोन गल्ल्या उठवल्या."

"मग बरी हाय म्हणून का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. दोनदा सांगितलं."

"मागल्या पुरात छपरावर बसून बी तू बरी हाय म्हणालीवतीस," सिंधूताई म्हणाल्या. "तुज्या बरी हायवर माझा इस्वास न्हाई."

पूनम टेम्पोच्या मागे, कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी उभी होती. मला बघून ती रडावं की हसावं अशा चेहऱ्याने म्हणाली, "ताई, रिलीफ, व्हॉलंटिअर, डोनेशन. माझे तिन्ही शब्द पाठ झाले."

गर्दी माझ्याकडे वळली. दोन्ही गावांची मिळून दीडशे माणसं असतील. मी सभेत कधी बोललेली नाही. प्रयोगशाळेत मी आकडा चिठ्ठीवर लिहून देते, बोलून दाखवत नाही. पण इथे चिठ्ठीची सोय नव्हती.

"पूर आलेला नाही," मी म्हणाले. "तो गृहपाठ होता. इंग्रजीच्या परीक्षेचा. आकडे जुन्या पुराचे होते. चूक माझी आहे."

खाली एका म्हशीने मान हलवली, त्याचा आवाज वर आला.

"म्हंजे कोण बुडालं न्हाई?" सिंधूताईंनी विचारलं.

"नाही."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडे नाही."

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. मला वाटलं, आता त्या बोलतील ते मला जन्मभर पुरेल. पण त्या वळून टेम्पोकडे बघत राहिल्या. "मग ह्या सातशे भाकरीचं काय करायचं?"

"आमच्या साडेआठशे हायत," जनाक्का म्हणाल्या. आवाजात थोडा अभिमान होता.

"परत न्या," मी म्हणाले. "ज्यांच्या त्यांच्या घरी—"

दोन्ही बहिणींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी वाक्य तिथेच सोडलं.

"पोरी, मदतीची म्हणून घराबाहेर काढलेली भाकरी परत उंबऱ्याच्या आत घेत्यात व्हय?" सिंधूताई म्हणाल्या. "ती आता त्येंची झाली."

"आन् आमची तुमची झाली," जनाक्कांनी सांगितलं.

यावर कुणालाच काही चर्चा करावीशी वाटली नाही. ड्रायव्हर एकमेकांच्या टेम्पोत चढले. मग उतरले, कारण शेंडूरवाडीच्या टेम्पोचा गिअर फक्त त्यांच्याच ड्रायव्हरला पडायचा. शेवटी माणसांनी रांग धरली आणि टोपल्या हातोहात इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेल्या. शेंडूरवाडीच्या बायांनी जाता जाता टोपलीतली एक भाकरी उचलून उन्हाकडे धरली आणि "कासारपेठची जरा जाडच" असा शेरा दिला. आमच्याकडच्यांनी त्यांच्या ठेच्यात मीठ कमी असल्याचं कळवलं. पुलाच्या कठड्यावर पोरंबाळं बसून जेवायलाही लागली होती.

शेंडूरवाडीच्या दूध संस्थेचे सचिव बंडानाना हातात भाकरी घेऊन माझ्यापाशी आले. त्यांचं आणि माझं गेली सहा वर्षं फॅटवरून भांडण होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही आमचं फॅट कमी लावता, हे मी पुढच्या सभेत बी बोलणार. पण तुम्ही लिवलेला आकडा म्हणल्यावर मी दुसरा इचार केला न्हाई. बायकोला सांगितलं, लाव तवा."

"नाना, तुमचं फॅट खरंच कमी आहे. तुम्ही म्हशींना पेंड कमी घालता."

"त्ये हाय," नाना म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. "एक इचारू? तुमचं इंग्लिश वाचून दोन गावं चुलीपुढं बसली. मग त्या परीक्षेवाल्यांनाच तेवढं पटत न्हाई व्हय? आप्पा सांगत होते, तीनदा झाली."

आजूबाजूचे चार-पाच जण खाता खाता माझ्या उत्तराची वाट बघू लागले. मी बागवान सरांकडे बघितलं. सरांनी हेल्मेट काढलं. त्यांनी खिशातून फोन काढून माझा निबंध उघडला होता आणि ते तो पुन्हा वाचत होते, सावकाश, ओळीखाली बोट धरून.

"वैजयंती," ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "हा सहाचा नाही. एवढी वर्षं तपासतोय. हा साडेसातचा आहे. 'समजा' नाही म्हणून नव्हे."

मी खाली म्हशींकडे बघितलं.

"मला वाटत होतं, परीक्षेत तू घाबरतेस," ते म्हणाले. मग दीडशे माणसांकडे आणि दोन टेम्पोंकडे बघत म्हणाले, "पण तू घाबरणाऱ्यातली दिसत नाहीस." आणि त्यांनी हेल्मेट परत घातलं. "आप्पा खाली आहेत. सकाळपासून."

*

पुलाच्या बाजूने घाटाच्या पायऱ्या उतरतात. तिसऱ्या खांबासमोरच्या दगडावर आप्पा बसले होते. पायात जुने गमबूट, डोक्याला टॉवेल, मांडीवर वही. ते सकाळी सव्वासातलाच घरून निघाले होते. घरापासून पूल तीन किलोमीटर आहे, आणि ते चालत आले होते.

मी शेजारच्या दगडावर बसले.

"एक पूर्णांक एक," आप्पा पट्टीकडे बघत म्हणाले. "आठला आलो तेव्हा एक पूर्णांक एक. नऊला तेच. पाणी बांधून ठेवलंय सध्या, वरून सोडलेलं नाही."

"तुम्ही गावात फोन का नाही केला? किंवा संघात?"

"काय सांगू? पूर नाही म्हणून?" त्यांनी टॉवेलने मान पुसली. "पूनमच्या सासूने तुझा आकडा सांगितला. मी इथे येऊन बघितलं तर एक पूर्णांक एक. मला वाटलं, पट्टी हलली."

"आप्पा, पट्टी सिमेंटच्या खांबावर रंगवलेली आहे."

"मग मला वाटलं, खांब खचला."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. त्यांनी खरोखरच खांबाला हात लावून बघितला असणार. पँट कमरेपर्यंत ओली होती.

"एक तास मी खांब तपासला," ते म्हणाले. "तुझा आकडा चुकेल, हे शेवटी मनात आलं. मग ही वही काढली. मागच्या मोठ्या पुराशी ताडून बघावं म्हणून आणली होती. उघडली तर सकाळी सहा, अकरा पूर्णांक चार. तासाला चौदा सेंटिमीटर. माझंच अक्षर." त्यांनी वहीच्या त्या पानावर बोट ठेवलं. "तेव्हा कळलं. दोन पूर दशांशापर्यंत सारखे येत नाहीत."

"नाही येत," मी म्हणाले.

वरून कुणीतरी हाक मारली, "आप्पा, भाकरी पाठवू का? शेंडूरवाडीची हाय, मऊ हाय." आप्पांनी हात वर करून थांबायची खूण केली.

त्यांनी वहीचं पान उलटलं. वहीत घडी घातलेले तीन कागद होते. ते त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पेन्सिल ठेवली. ही निकालपत्रं त्यांनी कधी वहीत घातली, मला माहीत नव्हतं.

"मग मला वेळ होता," आप्पा म्हणाले. "नदी काही करत नव्हती. मी हे बघत बसलो. सहा, सहा, सहा."

मी पाण्याकडे बघत होते. किती उत्तरं बरोबर आली की सहा पडतात, याचा तक्ता मी पहिल्या परीक्षेआधीच केला होता. ऐकण्याच्या पेपरात शेवटची काही उत्तरं मी कोरी सोडायची. निबंध अडीचशे शब्दांचा मागायचे. मी शब्द मोजत एकशे नव्वदला थांबायची. तोंडी परीक्षेत बाई प्रेमाने अजून बोला म्हणायच्या आणि मी सांगायची, एवढंच. प्रयोगशाळेत द्रावणाचा रंग पालटताच, एक थेंबही पुढे न जाता तोटी बंद करावी लागते. हात बसला की ते अवघड जात नाही. पाच आले असते तर आप्पांना वाईट वाटलं असतं. साडेसहा आले असते तर मला जावं लागलं असतं. नकाराचं कारण मी दोन वर्षं शोधत होते. प्रत्येक कारण लिहून बघितलं की ते पुरेसं वाटायचं नाही, आणि अपुऱ्या पुराव्यावर विधान करायची मला सवय नव्हती.

"त्या पोराला मी कसा पकडला होता, आठवतं?" आप्पांनी विचारलं.

"आठवतं."

"त्याने तीनच दिवस केलं होतं. तू दोन वर्षं केलंस." हे रागाने म्हटलं होतं की नाही, मला कळलं नाही. त्यांचा आवाज पातळी वाचून दाखवताना असायचा तसाच होता. "मी ती चटणी सात वेळा बदलली, वैजू."

"आठ वेळा."

"आठ." त्यांनी मान्य केलं. त्यांनी वहीतलं कोरं पान काढलं, वर तारीख घातली, वेळ घातली, बारा पन्नास, आणि पेन्सिल हातात धरून थांबले. नोंद घेताना ते नेहमी असेच थांबत. कुणी पट्टी वाचून आकडा ओरडून सांगेपर्यंत मान वर करत नसत.

"मन लावून लिहिलंस तर किती पडतील?" त्यांनी विचारलं.

"साडेसात."

त्यांनी ते लिहिलं. पूर्णांक, मग दशांश. खाली रेघ मारली.

"हे झालं इंग्रजीचं," ते म्हणाले. "आता दुसरी नोंद सांग. खरी सांग. नदीवर जाऊन केलेली."

वर पुलावर कुणीतरी टेम्पो चालू केला, तो बंद पडला, पुन्हा चालू केला. पाण्यातली म्हैस उठली आणि खांबापाशी येऊन उभी राहिली. पट्टीवरचं पाणी हललं आणि परत एक पूर्णांक एकवर आलं.

"आप्पा," मी म्हणाले, "मी जाणार नाही."